पाण्याले विचारून सांगतो

आमच्या ऑफिसात एक खिडकी कधीच उघडत नसे. ती बिघडलेली नव्हती. तिच्या कठड्यावर कापगतेभाऊंच्या बाटल्या होत्या. मुरब्ब्याच्या, लोणच्याच्या, खोकल्याच्या औषधाच्या, आणि एक तर चक्क लेकराची दुधाची. प्रत्येकीत लाल, काळं नाहीतर राखाडी पाणी, आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पाणी कुठलं, कोणत्या तारखेचं, आणि त्यातला गाळ तळाशी बसायला किती वेळ लागला, एवढं लिहिलेलं. मी पहिल्या दिवशी कामावर गेले तेव्हा मला वाटलं, इथं कोणी वैद्य बसतो की काय.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. मी नागपूरची, लग्न करून इथं आले. नवरा पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये, आणि मी आय.टी.आय.मध्ये नकाशे काढायचं शिकलेली, म्हणून एका डिझाइन ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसरचं काम असं की इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदाखाली ठेवायचा आणि शाईनं जसाच्या तसा उतरवायचा. आमचा सेक्शन कारखान्याच्या यार्डांतल्या पावसाच्या पाण्याचा. बाकीचे लोक त्याला सरळ गटार सेक्शन म्हणत. स्ट्रक्चरवाल्यांचा तर इतका तोरा, की आमच्या टेबलावरून जाताना नाकाला रुमाल लावायची नक्कल करायचे मेले.

कापगतेभाऊ आमच्या सेक्शनचे हेड ड्राफ्ट्समन. डिग्री नाही, डिप्लोमाही अर्धा. पण साहेब लोक गुपचूप त्यांच्याचकडून आकडे तपासून घ्यायचे. बुटके, काळेसावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. सकाळी पांढरा असलेला तो शर्ट संध्याकाळपर्यंत खनिजाच्या धुळीनं गुलाबी व्हायचा. गाव भंडाऱ्याकडचं, साकोलीच्या बाजूला. तिकडं गावोगाव मोठाले तलाव आहेत, आणि भाऊंचे पूर्वज तलाव बांधणारे. "आमच्या घरचं पोरगं चालाले शिकते त्याच्या आधी पाणी कोनीकडं चाललं ते सांगते," असं ते म्हणायचे, आणि हे बोलताना त्यांच्या तोंडावर हसू नसायचं.

माझा नवरा त्यांच्या ओळखीचा, म्हणून मी त्यांची 'वयनी'. ऑफिसातसुद्धा. बाकीच्या पुरुषांनी वयनी म्हटलं असतं तर मी कानाखाली वाजवली असती, पण भाऊंच्या तोंडी ते शोभायचं.

त्यांची छत्री मी विसरणार नाही. छत्री फक्त नावाला. तिच्या लाकडी दांड्यावर त्यांनी चाकूनं खुणा पाडल्या होत्या. पाऊस लागला की सगळं ऑफिस चहा मागवायचं आणि भाऊ सायकल काढायचे. लोहखनिजाचे ढीग होते त्या यार्डात जायचे, नाल्याच्या काठी उभे राहायचे आणि छत्री मिटून पाण्यात घालून पाणी किती चढलं ते पाहायचे. म्हणजे छत्री नाल्यात आणि माणूस पावसात! ओलेचिंब होऊन परत आले की खिशातून नवी भरलेली बाटली निघायची. तिथला खलाशी, म्हणजे यार्डातला मदतनीस, बिसाहू एकदा मला म्हणाला, "तुंहर साहेब ल पानी म भींगे बर तनखा मिलथे का, बाई?" मी म्हटलं, बाबा, पावसात भिजणं पगारातच आहे त्यांच्या.

काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. टाकी किती मोठी पाहिजे? नाला किती खोल? "पाण्याले विचारून सांगतो." मग ते खिडकीशी जायचे, एखादी बाटली हलवायचे, ठेवायचे, आणि घड्याळ काढून समोर बसायचे.

आमचे मोठे साहेब नवेनवे बदलून आले तेव्हाची गंमत. पहिल्याच आठवड्यात त्यांचा त्या खिडकीवर डोळा गेला. "कापगते, ये क्या दवाखाना खोल रखा है? हटाओ सब।" त्याच वेळी कोळशाच्या यार्डासाठी गाळ बसवायची टाकी काढायची होती, आणि साहेबांचं म्हणणं, तासाभराचं पाणी मावेल एवढी टाकी पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी कोळशाच्या पाण्याची एक बाटली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साब, इसको हिलाइए। जब साफ हो जाए, तब मेरे को बुलाइए।" साहेबांनी मजेत हलवली. जेवायच्या सुट्टीत पाणी काळं. तीन वाजता काळं. कारखान्याचा भोंगा झाला तरी पाणी आपलं शाईसारखं. निघताना साहेब आमच्या सेक्शनच्या दारात आले आणि म्हणाले, "बोल भाई, कितनी बड़ी टंकी चाहिए?" बाटल्या खिडकीतच राहिल्या.

भाऊ मला नंतर म्हणाले, "गाळ साहेबाचं नाही आयकत, वयनी. थो आपल्या वेळेनंच बसते."

सेक्टर दहामधलं त्यांचं क्वार्टरही तसंच. मागच्या अंगणात एकाखाली एक तीन खड्डे. मोरीचं पाणी पहिल्या खड्ड्यात पडायचं, तिथं खरकटं थांबायचं. दुसऱ्यात राख आणि साबण खाली बसायचा. तिसऱ्यातून जे पाणी निघायचं ते धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांना. त्यांची बायको सुभद्राबाई, मोठी हसरी बाई. त्या पानांच्या वड्या ताटात वाढताना मला म्हणाल्या, "पाहा वो बाई, या मानसानं मोरीच्या पान्याले बी नोकरीवर लावलं. एक मीच रिकामी राह्यली घरात." वड्या मात्र अशा खमंग की मी निलाजरेपणानं दोनदा मागून घेतल्या.

मग ते बंदराचं काम आलं.

पूर्व किनाऱ्यावरचं एक बंदर. नाव कशाला घेऊ. तिथं धक्क्यावर लोहखनिजाचे ढीग उघड्यावर पडायचे आणि जहाजात भरले जायचे. पाऊस आला की ढिगांवरून लाल पाणी वाहायचं ते थेट शेजारच्या खाडीत. खाडीतल्या मासेमाऱ्यांची जाळी लाल झाली, मासळी हटली, त्यांनी आरडाओरडा केला. तेव्हा बंदरवाल्यांनी ठरवलं की पावसाचं पाणी आधी अडवून, गाळ बसवून, मगच सोडायचं. खनिजाच्या यार्डाचा अनुभव आमच्या ऑफिसाला, म्हणून काम आमच्याकडं. समुद्रापासून इतक्या दूर बसून आम्ही बंदराचे नाले काढणार! सेक्शनमध्ये समुद्र पाहिलेला माणूस एकच, तोही हनिमूनला गेलेला. त्याला काय पाण्याची पातळी आठवणार?

भाऊंना मात्र काम असं आवडलं की विचारू नका. रिटायर व्हायला चार-पाच महिने राहिले होते. ते म्हणाले, "हे माह्या हातचं शेवटचं काम. हे असं करतो का खाडीतल्या मानसानं माहं नाव बी नको घेवाले. पाणी साफ दिसलं का झालं." त्यांनी तीन टाक्या काढल्या. सर आली की सुरुवातीचं पाणी सगळ्यात घाण असतं, ते पहिल्या लहान टाकीत. मग दुसरी मोठी, गाळ बसायला निवांत. तिसऱ्यातून स्वच्छ पाणी आपोआप समुद्रात. पंप नको म्हणाले. "पंप बिघडते, उतार नाही बिघडत." बंदरावरून त्या जागेच्या मोजणीचा नकाशा आला होता, त्यावर समुद्राच्या पाण्याची पातळी लिहिलेली होती. तिच्यापेक्षा हातभर उंच त्यांनी तिसऱ्या टाकीचं तोंड ठेवलं. मी सगळं शाईनं उतरवलं. भाऊंनी तपासून कोपऱ्यातल्या 'चेक्ड'च्या चौकटीत नेहमीसारखी दोन अक्षरांची सही केली. नकाशे मंजूर झाले. मोठे साहेब इतके खूश, की म्हणाले, "खुदाई शुरू होगी तो कापगते जाएगा टूर पर। मिसेस को भी ले जाना, समुंदर दिखा लाना।"

सुभद्राबाईंनी समुद्र कॅलेंडरवरच पाहिलेला. त्यांनी दुर्गच्या बाजारातून एक लाल सूटकेस आणली आणि मला बोलावून गंभीरपणे विचारलं, "समुद्रावर लुगडं चालते का वो, का गोल साडी पायजे?" मी म्हटलं, काकू, समुद्र काही बोलत नाही, तुम्ही लुगडंच नेसा.

पण भाऊंची एक खोड. मंजुरी आली तरी त्यांना चैन नाही. बंदरावर राव नावाचे एक ओव्हरसियर होते. त्यांना भाऊंनी लिहिलं की टाकीचं तोंड जिथं येणार तिथं पाण्यात एक खुणांचा खांब रोवा, रोज एकदा पाणी कुठवर आहे ते बघा, आणि आठवड्याला कार्ड टाका. गावच्या तलावावर असंच करतात. तलावाचं पाणी दिवसाला बोटभर हलतं, रोज एकदा पाहिलं की पुरतं.

पहिलं कार्ड आलं. सोमवारी पाणी गुडघ्याइतकं. मंगळवारी कंबरेच्या वर. बुधवारी खांब कोरडा. गुरुवारी पुन्हा कंबर. आणि पाऊस? एक थेंब नाही.

भाऊ भडकले. त्यांना तसं भडकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "हा मानूस खांबापाशी जाऊनच नाही राहिला! झाडाखाली बसून आकडे लिहून राहिला! बिनापावसाचं पाणी कंबरभर चढते कावून? कोन्या बापाच्या तलावात चढते?" आणि त्यांनी ऑफिसच्या कागदावर, शिक्क्यासकट, रावांना हिंदीत खरमरीत पत्र धाडलं की सरकारी कामात मनचे आकडे लिहू नयेत.

आता भरती-ओहोटी आम्हाला ठाऊक नव्हती असं नाही. शाळेत सगळ्यांनीच घोकली होती. पण घोकणं वेगळं आणि डोळ्यांना सवय असणं वेगळं. आमच्या डोक्यात ती वीतभर इकडं, वीतभर तिकडं. जन्मभर ज्यानं तलाव आणि नाले पाहिले, त्याला पाणी दिवसातून दोनदा स्वतःहून कंबरभर चढतं आणि उतरतं हे मनापासून कसं पटावं?

रावांचं उत्तर आलं. कार्डावर तेच आकडे, पण आता प्रत्येकापुढं घड्याळाची वेळ. आणि खाली एकच ओळ. "साहब, यह तालाब नहीं है, समुद्र है।"

भाऊंनी ते कार्ड वाचलं आणि एकेक वेळ पुन्हा बोटानं तपासली. मग मला म्हणाले, "वयनी, बंदराहून आलेला असल नकाशा काढा बरं."

मी कपाटातून काढून दिला. त्यांनी भिंग लावलं. पाण्याच्या पातळीच्या आकड्याजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात, मोजणी करणाऱ्यानं तारीख लिहिली होती आणि तारखेपुढं वेळ. सकाळची. रावांच्या कार्डावरचे आकडे शेजारी ठेवून, भरती रोज पाऊणएक तास पुढं सरकते हे धरून, भाऊंनी बोटांवर दिवस मोजले आणि खाली बसले. तो माणूस ओहोटीच्या वेळी पाणी मोजून गेला होता. आम्ही त्या आकड्यालाच समुद्र समजलो.

माझ्या शाईच्या नकाशावर तारीख होती, वेळ नव्हती. टाकीची रेघ तिथूनच जात होती, अक्षरांची गर्दी होत होती. पाण्याच्या पातळीपुढं वेळ कोण वाचतं, असं म्हणून मी ती गाळली होती.

चूक किती मोठी ते सांगते. भरती आली की समुद्र तिसऱ्या टाकीच्या तोंडातून सरळ आत शिरणार. बसलेला सगळा गाळ ढवळणार, आणि ओहोटीबरोबर खाडीत ओढून नेणार. लाल पाणी आधी नुसतं पावसात जायचं, आता रोज दोनदा गेलं असतं. आणि खोदाई दहा-बारा दिवसांवर आलेली.

"भाऊ," मी कसंबसं म्हटलं, "वेळ मी गाळली."

"पाह्यलं मी," ते म्हणाले. "पन असल नकाशा माह्या टेबलावर महिनाभर होता, का नाही? ट्रेसिंग तुमची, नजर माही."

भाऊ गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं, निदान त्या वर्षी तरी. पावसाळा येईपर्यंत भाऊ रिटायर होऊन गावी. समुद्र पाहून आलेले, बायकोला दाखवून आलेले. आणि मी? माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. पक्की करायचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी खरं सांगते, त्या दुपारी एक क्षण मला वाटलं, भाऊंनी गप्प बसावं. आजही त्याची लाज वाटते.

ते उठले, कार्ड आणि नकाशा काखेत मारला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. थोड्या वेळानं मलाही बोलावणं आलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांना भाऊंना वाचवायचं होतं. म्हणाले, "ट्रेसर की गलती है ना? नई है, लिख देते हैं।"

भाऊंनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "साब, चेक्ड के खाने में सही किसकी है?"

"तेरी।"

"तो फिर?"

सुधारलेल्या प्रत्येक नकाशावर एक बारीक तक्ता असतो, त्यात सुधारणा का केली त्याचं कारण लिहायचं असतं. कोणाचीही चूक असो, तिथं सगळेच एक ठरलेलं वाक्य लिहितात. साहेबांनी तेच सुचवलं. "ठीक है, 'साइट की जरूरत के मुताबिक' लिख दो। किसी का नाम नहीं आएगा। टूर भी हो जाएगा तेरा।"

"नहीं साब," भाऊ म्हणाले. "कल दूसरा बंदर आएगा। वहाँ भी कोई मेरे जैसा बैठेगा, तालाब वाला। असली कारण पढ़ेगा तो बचेगा।"

साहेब चिडले. बंदरवाल्यांना चूक लेखी कळवायची म्हणजे ऑफिसचं नाक कापलं जाणार. त्यांनी त्याच दिवशी ते काम आमच्याकडून काढून दुसऱ्या सेक्शनला दिलं. टूरवर दुसरा इंजिनियर जाणार असं ठरलं. माझ्या कागदावर मात्र आठवड्याभरात सही झाली. ती भाऊंनी चूक माझ्यावर ढकलू दिली नाही म्हणून झाली, हे मला पक्कं माहीत आहे. मी त्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "कामं पडलेत वयनी, रडत काय बसता?"

काम गेलं तरी उपाय त्यांनीच काढून दिला. दोन दिवस जागेवरून हलले नाहीत. टाकीच्या तोंडाला बाहेरच उघडणारं लोखंडी झाकण, म्हणजे भरतीचं पाणी ढकलायला आलं की ते आपोआप बंद. आणि ओहोटी होईपर्यंत पाणी थोपवून धरायला तिसरी टाकी दुप्पट मोठी. वेळा रावांच्या कार्डावरून घेतल्या. रावांना त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, साध्या कागदावर, शिक्का नाही. मला वाचायला दिलं नाही. पण रावांनी त्यांना समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून पाठवली, त्यावरून काय लिहिलं असेल ते मी समजले.

सुभद्राबाईंकडं मी भीतभीतच गेले. त्या लाल सूटकेसमध्ये गरम कपडे घालून गावी न्यायची तयारी करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अवो, तोंड कावून पाडून आल्या? समुद्र काय पळून चालला?" आणि मग डोळ्यांना पदर लावला. "वाईट वाटलं पन. नाही कसं वाटन? नवं लुगडं घेतलं होतं मी."

भाऊंचा शेवटचा दिवस. समोसे झाले, जिलबी झाली, साहेबांनी हार घातला, दोन शब्द बोलले, त्यात बंदराचा विषय टाळला. सगळे पांगले. सुधारलेल्या नकाशाचं ट्रेसिंग त्याच दिवशी माझ्या बोर्डावर होतं. दुसरा सेक्शन असला तरी ट्रेसर आम्हीच होतो. रेघा सगळ्या झाल्या होत्या. राहिला होता तो कारणाचा तक्ता. साहेबांनी शेवटी हरून म्हटलं होतं, लिहू दे त्याला काय लिहायचं ते. भाऊंनी पेन्सिलीनं एक ओळ लिहून ठेवली होती, ती मी इंग्रजी मोठ्या अक्षरांत शाईनं उतरवली. पाण्याची पातळी कोणत्या वेळेची आहे ते तपासलं नाही, ही चूक झाली. एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

गळ्यातला हार तसाच ठेवून भाऊ माझ्या बोर्डावर वाकले. अक्षर न् अक्षर बोटानं वाचत गेले. ओळीच्या शेवटी बोट थांबलं.

"वयनी, नाव राह्यलं."

"जागा नाही भाऊ," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

"हाय जागा. बारीक लिहा."

माझा असा संताप झाला! सबंध नोकरीत या माणसाचं पूर्ण नाव एकाही नकाशावर आलं नव्हतं. शेकडो नाले, टाक्या, सगळीकडं कोपऱ्यात दोन अक्षरं. आणि पहिल्यांदा पूर्ण नाव लिहायचं ते चुकीपुढं? "कावून पन भाऊ?" मी जवळजवळ ओरडलेच. "कशाला पाहिजे नाव?"

"नाव नसलं का लोक म्हनते, असन कोनी मूर्ख," ते शांतपणे म्हणाले. "नाव दिसलं का वाचनारा घाबरते. म्हनते, मानसाचं नाव लागते इथं. मग थो दोनदा पाह्यते. लिहा."

डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मी मान बाजूला करून नाक पुसलं, पेन बुडवलं आणि लिहिलं. डोमाजी सखाराम कापगते. शाई वाळेपर्यंत ते माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. मग वाकून फुंकर घातली, "वाळली," म्हणाले, आणि सायकल काढायला गेले.